जुनी डॉमिनार की नंतरची? फरक मोहोळच्या पुढे कळतो

भाच्याने परवा दोन गाड्यांचे फोटो पाठवले. दोन्ही बजाजच्या मोटरसायकली, डॉमिनार ४००, दोन्ही एमएच-१३ म्हणजे सोलापूरच्या. एक २०१८ची, विजापूर रोडवरची. दुसरी २०२०ची, होटगी रोडवरची. किमतीत चाळीस हजारांचं अंतर. खाली एकच ओळ: "मामा, दिसायला सारख्याच आहेत की. चाळीस हजार कशाचे?"

जुळे सोलापुरातून सात रस्त्याला जाऊन यायचं असेल तर कशाचेच नाहीत. खरं तर त्या कामाला दोन्ही गाड्या घेऊ नयेत. दोन्ही जड आहेत, आणि एप्रिल-मेच्या दुपारी सिग्नलला थांबलं की रेडिएटरचा पंखा सुरू होऊन गरम वारा थेट पायावर येतो. आधीच बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, त्यात हा घरचा हीटर. पण भाचा पुण्यात नोकरीला आहे आणि दर पंधरा दिवसांनी घरी येतो. एका बाजूने अडीचशे किलोमीटर. त्याच्यासाठी उत्तर वेगळं आहे.

आधी कुळी समजून घ्या. डॉमिनार आली डिसेंबर २०१६ मध्ये. तेव्हा दिल्लीत एक्स-शोरूम किंमत एबीएसविना (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) १.३६ लाख आणि एबीएससह १.५० लाख. ३७३ सीसी, लिक्विड कूलिंग, एकच कॅमशाफ्ट, तीन स्पार्क प्लग, ३५ पीएस (ताकदीचं माप, हॉर्सपॉवरच्या जवळचं), वजन १८२ किलो. २०१९ मध्ये मोठा बदल झाला: डबल कॅमशाफ्ट, ४० पीएस, पुढे उलटे फोर्क (पुढच्या चाकाचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर), ब्रेकचे रेडियल कॅलिपर, आणि दुनळी बंदुकीसारखा सायलेन्सर. लांबून ओळखायची खूण हीच, दुनळी दिसली की २०१९ किंवा नंतरची. २०२० मध्ये तीच गाडी बीएस-६ झाली, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची. ऑक्टोबर २०२१ पासून मोठी काच, हँडगार्ड, इंजिनाखालचं संरक्षण, कॅरिअर, पाठटेक आणि यूएसबी चार्जर कंपनीतूनच बसून येऊ लागले. जुलै २०२५ मध्ये राइड-बाय-वायर (केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक अ‍ॅक्सिलरेटर), चार रायडिंग मोड आणि नवा डिस्प्ले आला. त्या गाड्या आत्ताच कोण विकतोय? म्हणून त्या बाजूला ठेवू.

आता मुद्द्यावर. पाच पीएस वाढले हे कागदावर छान दिसतं, पण पैसे त्याचे देऊ नका. टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, दोन्हींचा ३५ न्यूटन-मीटरच आहे आणि ट्रकला ओव्हरटेक करायला जुनीही कमी पडत नाही. फरक आहे तो थरथरीचा. पहिल्या पिढीचं, म्हणजे २०१९ आधीचं, इंजिन मधल्या आरपीएमला हँडलमध्ये आणि पायाखाली झिणझिण्या आणतं, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात आपण हायवेला तासन्‌तास असतो. शहरातल्या दहा मिनिटांच्या टेस्ट राइडमध्ये हे कळत नाही. मोहोळपर्यंतसुद्धा फारसं जाणवत नाही. टेंभुर्णीला चहाला थांबलात आणि ग्लास धरताना बोटं बधिर वाटली की समजतं. २०१९ नंतरचं इंजिन अगदी लोण्यासारखं नाही, सिंगल सिलिंडर आहे शेवटी. पण भिगवण येईपर्यंत बोटं आपलीच असतात.

दुसरा फरक पुढच्या फोर्कचा. जुन्या गाडीचे साधे टेलिस्कोपिक, नव्याचे उलटे. दोन्हींचा व्यास ४३ मिलिमीटर, त्यामुळे जुनी काही लेचीपेची नाही. मात्र ताशी शंभरच्या वेगात पुलाच्या जॉइंटवर किंवा अचानक आलेल्या खड्ड्यावर ब्रेक लावत गेलात तर नवीचं तोंड सरळ राहतं. पाठीवर बॅग, मागे बायको आणि तिच्या मांडीवर शेंगाचटणीचा डबा असला की हे सरळ राहणं फार मोलाचं वाटतं.

एबीएसवर मात्र घासाघीस नाही. २०१७-१८च्या गाड्यांत एबीएसविना आलेल्याही आहेत आणि विकणारा ते आपणहून सांगेलच असं नाही. चावी फिरवली की मीटरवर एबीएसचा दिवा लागतो आणि गाडी थोडी पुढे गेली की विझतो. दिवा लागलाच नाही तर पुढचं काही विचारू नका. तीस-चाळीस हजार स्वस्त मिळाली तरी नको. एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांत हा प्रश्नच नाही.

आमच्या फिटरकडे २०१८ची गाडी नेली तेव्हा त्याने इंजिनाला हातही लावला नाही. पोराला मागे दाबायला लावून पुढचं चाक उचललं आणि दोन बोटांनी हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवलं. बरोबर मध्यावर एक बारीक खाच लागली, जणू हँडलला तिथेच बसायचंय. "कोन सेट गेला," तो म्हणाला, म्हणजे हँडलच्या दांड्यातलं बेअरिंग. मग मलाच धरायला दिलं. एकदा बोटांना कळलं की आयुष्यभर विसरत नाही. पुढे चेन मागच्या स्प्रॉकेटवरून (दातेरी चक्रावरून) ओढून पाहिली, दात वाकड्या नखासारखे झाले होते. तिन्ही प्लग शेवटचे कधी बदलले विचारलं, तर विकणारा म्हणाला, "प्लग? एकच असतो ना बे?" तिथेच गाडीचा सगळा इतिहास कळला.

२०२०च्या गाडीत फोर्कची चमकती नळी पाहा. ब्रेक धरून पुढून तीन-चार वेळा जोरात दाबायचं आणि नळीवरून अंगठा फिरवायचा. आपल्याकडच्या काळ्या मातीचा तेलकट कडा अंगठ्याला आला तर आतलं तेल रोखणारं ऑइल सील गेलं. ही खरेदी टाळायची गोष्ट नव्हे, किंमत पाडायची आहे.

कागदांचंही एक सांगतो. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंद झालेल्या गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबरप्लेट नंतर बसवून घ्यावी लागते. पहिल्या पिढीच्या बहुतेक सगळ्या गाड्या यात येतात. खर्च किरकोळ आहे, दुचाकीला ४५० रुपये आणि वर जीएसटी. ती बसवलेली नसेल तर विकणाऱ्यालाच बसवायला सांगा. सोलापुरात केए-२८ आणि केए-३२च्या, म्हणजे कर्नाटकातल्या विजापूर आणि गुलबर्ग्याच्या, गाड्याही स्वस्तात फिरत असतात. तिथली एनओसी (ना-हरकत दाखला), इथली नोंदणी आणि इथला रोड टॅक्स धरला की स्वस्ताई बरीचशी विरघळते. आणि आरसीवर सीसी वाचा. डॉमिनार २५० दिसायला इतकी सारखी आहे की मागून मीही एकदा फसलोय.

पेट्रोलबद्दल भाच्याने विचारलं नाही, तरी सांगतो. आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं, आणि त्यातलं इथेनॉल बहुधा आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं. ई-२० चालणारे भाग एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत सक्तीचे झाले. त्यामुळे या बाबतीत २०१८ आणि २०२० दोन्ही जुन्याच. पेट्रोलच्या नळ्या आणि रबर पाहून घ्या, आणि गाडी महिनाभर टाकी भरून उभी ठेवू नका. टाकी दोन्हींची तेरा लिटरची. मला सरळ चालवून सत्तावीस-अठ्ठावीस मिळतं, म्हणजे पुण्याला जाताना मध्ये भरावं लागत नाही, येताना लागतं.

ऑक्टोबर २०२१ नंतरची घ्यावी का? इंजिन आणि फोर्क तेच. काच आणि हँडगार्ड हिवाळ्यातल्या पहाटेच्या प्रवासाला खरोखर उपयोगी आहेत, पण ते बाहेरूनही बसतात. त्यासाठी गाडीमागे वीस-पंचवीस हजार जास्त मोजणं मला पटत नाही. एखाद्याला स्वतः बसवायचा कंटाळा असेल तर गोष्ट वेगळी.

भाच्याला मी २०२० सुचवली, पण सरळ चाळीस हजार जास्त देऊन नाही. मागचा टायर आणि सील या दोन्हींच्या नावाने आठ हजार पाडायला सांगितले. त्याचं बजेट तेवढं ताणता आलं नसतं तर २०१८ही चालली असती, फक्त कोन सेट, चेन सेट, तीन प्लग आणि दोन टायर इतके पैसे बाजूला काढून. महिन्यातून एकदा तुळजापूर आणि वर्षातून एकदा पंढरपूर, एवढंच ज्याचं फिरणं आहे त्याने २०१८चीच घ्यावी आणि उरलेले पैसे चांगल्या हेल्मेटवर घालावेत.

टेस्ट राइड मात्र सावळेश्वर टोलनाक्यापर्यंत जाऊन परत, अशी. दुचाकीला टोल नाही. विकणारा कुरकुरला तर पेट्रोल आपण टाकायचं आणि त्यालाच मागे बसवायचं. भाचा रविवारी सकाळी सातला निघतोय, ऊन चढायच्या आत.