‘अस्सल व्हिटबी जेट’ म्हणून आलेले जुने दागिने : एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

चांदी काळी पडली आणि विक्रेत्याने हात वर केले, म्हणून सविस्तर लिहिते आहे. इंग्लंडहून मागवलेला जुन्या शोकदागिन्यांचा (कोणी गेल्यावर घालायच्या काळ्या दागिन्यांचा) लॉट होता : मण्यांची एक लांब माळ, जाड कड्यांची साखळी आणि तिला लॉकेट, शिवाय दोन ब्रोच. जाहिरातीत सगळ्यांना मिळून एकच नाव, व्हिक्टोरियन व्हिटबी जेट, आणि भावही सगळ्यांचा जेटचाच. जेट म्हणजे जमिनीत गाडले जाऊन कोळशासारखे काळे, कोरता येण्याजोगे झालेले प्राचीन लाकूड; व्हिटबी हे त्यासाठी प्रसिद्ध असलेले इंग्लंडमधले गाव. साखळी ज्या डबीत ठेवली त्याच डबीत चांदीची कानातली होती. काही आठवड्यांत कानातल्यांची साखळीला टेकलेली बाजू निळसर काळी झाली, वरची बाजू मात्र पांढरी राहिली.

शेजारच्या चांदीला असे काळे करणे हे जेटचे काम नाही. ते व्हल्कनाइटचे. रबरात साधारण पाव ते तिसरा हिस्सा गंधक घालून तापवले की हा कडक काळा पदार्थ तयार होतो, आणि त्यातले गंधक वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर येत राहते. आपल्याकडे यालाच एबोनाइट म्हणतात. एबोनाइटचे शाईपेन वापरणाऱ्यांना त्याचा वास आणि उन्हात तपकिरी पडणारे टोपण चांगलेच ठाऊक असेल. 1861 च्या डिसेंबरात नवरा प्रिन्स अल्बर्ट गेल्यावर इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने काळे वापरायला सुरुवात केली, काळ्या दागिन्यांची मागणी वाढली आणि कोरीव जेट ज्यांना परवडत नव्हते त्यांच्यासाठी साच्यातून काढलेले व्हल्कनाइट बाजारात आले. म्हणजे लॉटमधली साखळी जुनी आहे, यात शंका नाही. ती जेट नाही, एवढेच माझे म्हणणे होते.

विक्रेत्याने उत्तरादाखल एक फोटो पाठवला. पांढऱ्या टाइलच्या मागच्या बाजूवर साखळीने ओढलेली तपकिरी रेघ. ‘तपकिरी रेघ म्हणजे जेट, विषय संपला.’ माझी खरी तक्रार इथे आहे, कारण जेट विकणारे आणि घेणारे निम्मे लोक याच एका रेघेवर विसंबून असतात.

सराफ कसोटीवर सोन्याचा कस लावतो तशीच ही रेघ, पण ती काय सांगते ते नीट समजून घ्यायला हवे. चकाकी नसलेल्या चिनी मातीवर (कपाच्या बुडाची खरखरीत कडही चालते) जेटची रेघ चॉकलेटी ते तांबूस तपकिरी येते. दगडी कोळशाची काळी येते. काच आणि ऑनिक्स (दागिन्यांतला काळा दगड) टाइललाच ओरखडा काढतात किंवा पांढरट भुकटी सोडतात. बहुतेक प्लास्टिक नुसते घसरते. इथपर्यंत ठीक. पण व्हल्कनाइटची रेघही तपकिरीच असते, कधी जेटपेक्षा जरा फिकट. आयर्लंडमधल्या दलदलीत काळे झालेले ओकचे लाकूड, म्हणजे बॉग ओक, तेही तपकिरीच उमटते. म्हणून रेघ काळी किंवा पांढरी आली तर ‘हे जेट नाही’ असे खात्रीने म्हणता येते. तपकिरी आली तर फक्त काच, ऑनिक्स, कोळसा आणि बरेचसे प्लास्टिक बाद झाले, एवढेच. जेटची सगळ्यात फसवी नक्कल त्या चाळणीतून सरळ खाली येते. शिवाय रेघ ओढायची तर दागिना घासावा लागतो. ओढायचीच असेल तर मागच्या बाजूला, भोकाच्या कडेला, अर्धा सेंटिमीटर पुरे. चकचकीत दर्शनी बाजू टाइलवर घासलेला दागिना कोणी विकायला ठेवला असेल तर तो घेऊच नये.

तापवलेली सुई हा त्याहून वाईट सल्ला आहे. सुई टोचली की जेटला कोळशासारखा वास येतो, व्हल्कनाइटला जळक्या रबराचा, शिंगाला जळलेल्या केसांचा, हे सगळे खरे. पण ती खूण कायमची राहते आणि दागिन्याची किंमत तिथेच उतरते. व्हल्कनाइटसाठी इतके करायची गरजही नाही. अंगठ्याने मागची बाजू जोरात, चांगली गरम होईपर्यंत चोळा आणि लगेच नाकाशी धरा. बहुतेक वेळा गंधकाचा वास लागतो. लोकरीवर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवणे मात्र अगदीच निरुपयोगी : जेटही उचलते, व्हल्कनाइटही, प्लास्टिकही.

काहीही न बिघडवता सगळ्यात जास्त माहिती देतो तो पाण्यातला काटा. 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा हवा, स्वयंपाकघरातला चालणार नाही. आधी मणी कोरडा तोला. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. मणी बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असा टांगता धरा, तळाला किंवा काठाला लागू देऊ नका. आता काटा दाखवेल तो आकडा म्हणजे मण्याने बाजूला सारलेले पाणी. कोरड्या वजनाला त्याने भागा. कोरडा मणी 6.50 ग्रॅम आणि पाण्यात आकडा 5.00 आला, तर घनता 1.30. जेट 1.30 ते 1.34 च्या आसपास राहते. काच साधारण 2.5, ऑनिक्स 2.6. एपॉक्सी बहुधा 1.2 च्या आगेमागे. व्हल्कनाइट सहसा 1.2 च्या जवळपास, पण भुकटी मिसळलेली असेल तर वर सरकते.

यात दोन ठिकाणी चूक होते. भोकात हवेचा बुडबुडा अडकला की घनता कमी येते आणि चांगले जेट व्हल्कनाइट वाटू लागते. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून दोरा हलवला की तो निघतो. दुसरे म्हणजे पिन, आकडा, मागची पट्टी अशी धातूची कुठलीही गोष्ट जोडलेली असली की हिशेब फसतो, म्हणून ब्रोचवर हा प्रयोग करू नये. आणि 1.30 आले म्हणून नाचूही नये : शिंग, बेकेलाइट आणि दुधाच्या केसीनपासून केलेले जुने प्लास्टिक याच आकड्याच्या आसपास येतात. तिथे डोळेच लागतात.

दहापट भिंग आणि मोबाइलचा टॉर्च, एवढ्यावर भागते. जेट साच्यात ओतता येत नाही, ते कोरावेच लागते. त्यामुळे कडा तीक्ष्ण असतात, पाकळीच्या खाली हत्याराच्या खुणा असतात, आणि माळेतले शेजारशेजारचे दोन मणी मोजले तर किंचित वेगळे भरतात. व्हल्कनाइटच्या कडा गोलसर, नक्षीची खोली सगळीकडे एकसारखी आणि बाहेरच्या कडेवर साच्याचे दोन भाग जुळल्याची बारीक रेघ. लॉटमधल्या लॉकेटवर ती रेघ वरच्या कडीपासून खालच्या टोकापर्यंत सलग आहे, नख फिरवले तरी लागते. साखळीच्या कड्यांना चीर असली म्हणजे नकली, असे मात्र समजू नका. जेट वाकत नाही, म्हणून जेटच्या साखळीतही एकाआड एक कडी कापून, ओवून, पुन्हा चिकटवलेली असते.

सगळ्यात सोपी खूण रंगाची. साखळी पालथी करा. प्रकाश लागलेली बाजू खाकी किंवा शेवाळी तपकिरी आणि कड्यांची एकमेकींना झाकलेली आतली बाजू गडद काळी असेल, तर ते व्हल्कनाइटच. जेट शंभर वर्षांनीही काळेच राहते. माझ्या साखळीचा फरक ट्यूबलाइटखाली कळत नव्हता, दुपारच्या उन्हात खिडकीशी धरल्यावर लगेच कळला. फोटो मागवताना म्हणूनच उन्हातला, उलट बाजूचा फोटो मागावा.

हाताला लागणाऱ्या गारव्याची परीक्षा सगळीकडे लिहिलेली असते : काच गार, जेट कोमट. इंग्लंडात ती चालते. मुंबईच्या मे महिन्यात घरातली काचही अंगाइतकीच गरम असते, तिथे काय कळणार? एसी लावलेल्या खोलीत तासभर ठेवून गालाला लावून पाहा, मगच भरवसा ठेवा.

मोठा ब्रोच काचेचा निघाला. याला बाजारात फ्रेंच जेट म्हणतात आणि नावाखेरीज त्यात जेट काही नाही. आपल्या काळ्या पोतीचे मणी ज्या जातीचे, त्याच जातीची ही काळी काच. पैलूंच्या कडा अतिशय धारदार, चमक आरशासारखी, टवका उडालेल्या जागी शिंपल्यासारखी वळणे, आणि जोरदार टॉर्चवर धरला तर पातळ कड कधी कधी जांभळट तांबूस दिसते. उन्हाळ्यात लिहिले असते तर सगळ्या लॉटमध्ये मी यालाच पहिला नंबर दिला असता. ओरखडा नाही, रंग उतरणे नाही, सुती साडीवर लावून दिवसभर वावरले तरी पुसला की नव्यासारखा.

पावसाळ्यानंतर मत बदलले. फ्रेंच जेटचे तुकडे काळा रंग दिलेल्या पत्र्यावर चिकटवलेले असतात. जुलैच्या दमट हवेत त्या पत्र्याला मागून गंज फुटला, डिंक सुटला आणि कडेचे दोन तुकडे हलू लागले. कोकण-मुंबईच्या हवेत असा दागिना ठेवायचा तर हवाबंद डबीत सिलिका जेलच्या पुडीसोबतच. धुवायचा तर मुळीच नाही.

व्हल्कनाइटचेही पावसाळ्यात हाल झाले. ऊन आणि दमटपणा मिळून त्याच्या पृष्ठभागावरचे गंधक आम्लात बदलते, खाकीपणा वाढतो. गरम पाण्याने धुतले तर एका दिवसात काळ्याचे तपकिरी होते. कोरड्या फडक्याने पुसा, अंधारात ठेवा, आणि चांदीपासून लांब. एक गोष्ट मात्र मान्य करते : कोरीव कामाची नक्कल म्हणून ही साखळी सुबक आहे, वजनाला हलकी आहे, आणि व्हल्कनाइटच्या भावात मिळाली असती तर मी कौतुकच केले असते. राग भावाचा आणि नावाचा आहे.

लहान ब्रोच शिंगाचा. टॉर्च मागे धरला की पातळ पाकळ्यांतून पिवळट तपकिरी उजेड झिरपतो. जेटमधून कधीच नाही. मागची पिन रिवेटशिवाय थेट शिंगात रुतवलेली, हीही शिंगाचीच पद्धत.

आणि माळ खरी निघाली. घनता 1.32, चॉकलेटी रेघ, भोकाच्या तोंडाशी भिंगातून लाकडाच्या बारीक रेषा. वापरायला ही माळ म्हणजे सुख आहे. काचेच्या तेवढ्याच माळेच्या जवळपास निम्मे वजन, त्यामुळे कमरेपर्यंत लांब असूनही मानेला ओढ बसत नाही, आणि उकाड्यात अंगाला चिकटत नाही. तोटा एकच : जेट मऊ आहे, मोहसच्या 1 ते 10 मापावर कठीणपणा 2.5 ते 4 एवढाच. सोन्याच्या साखळीसोबत घातली की मण्यांवर बारीक रेघा उठतात, अत्तर थेट उडाले की झळाळी मंदावते. मऊ सुती फडक्यावर खोबरेल तेलाचे बोट फिरवून पुसले की काळेपणा परत उजळतो. अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये टाकू नका, उन्हात तापत ठेवू नका, तडे जातात. दोरा जुना होता म्हणून पटवेकऱ्याकडे पुन्हा गाठवून घेतली. प्रत्येक मण्यानंतर गाठ मारायला सांगा, म्हणजे मणी एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटला तरी एकच मणी पडतो.

ही माळ व्हिटबीचीच आहे का, हे घरच्या कुठल्याही प्रयोगाने ठरत नाही. स्पेनच्या अस्तुरियासमध्येही जेट निघते, तिथे बाळाच्या मनगटात दृष्ट लागू नये म्हणून ते बांधतात, आपण काळे मणी बांधतो तसेच. तुर्कस्तानात एर्झुरूम प्रांतातल्या ओल्तूचे जेट जपमाळांसाठी प्रसिद्ध आहे. जेट आहे एवढे सिद्ध होते, गाव सिद्ध होत नाही. त्यामुळे ‘व्हिटबी’ या शब्दाचे जादा पैसे मी पुढच्या वेळी देणार नाही, खाणीपासूनचा लेखी माग मिळाला तरच.

विक्रेत्याने शेवटी थोडी रक्कम परत देऊ केली, पण बाकीचे तिन्ही दागिने परत पाठवायचा कुरियर माझ्याकडे, आणि तो खर्च परताव्यापेक्षा जास्त. म्हणून मागवायच्या आधीच चार गोष्टी लेखी घ्या : प्रत्येक नगाचे वेगळे वर्णन, उन्हातला उलट बाजूचा फोटो, कडेचा जवळून फोटो, आणि सुट्या मण्याचे कोरडे व पाण्यातले वजन. ‘रेघ तपकिरी आली’ एवढेच उत्तर आले तर लॉट सोडून द्या.