व्यालेल्या घोडीसाठी घरपोच पशुवैद्यकीय सेवा, नागपूर : अभिप्राय

आमची घोडी पहाटे व्याली आणि तीन तास उलटूनही वार (शिंगरानंतर बाहेर पडणारे गर्भाचे आवरण) पडली नाही, तेव्हा आम्ही कामठी मार्गावरील एका खासगी पशुवैद्यकांना बोलावले. गाई-म्हशींची वार उशिरा पडली तरी वाट पाहण्याची आपल्याकडे सवय आहे. घोडीच्या बाबतीत मात्र तीन तासांनंतर ती तातडीची बाब ठरते, कारण आत राहिलेल्या तुकड्यामुळे गर्भाशयात जंतुसंसर्ग होतो, विष रक्तात भिनते आणि खुरांचा दाह होऊन जनावर कायमचे लंगडे होऊ शकते.

डॉक्टरांनी वार हाताने ओढली नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. लोंबणारा भाग पायांखाली येऊ नये म्हणून त्यांनी तो वर बांधला, गर्भाशय आकुंचन पावावे म्हणून थोड्या मात्रेत ऑक्सिटोसिन दिले आणि वार पडल्यावर ती गोणपाटावर पसरून तिच्या दोन्ही शिंगांची (गर्भाशयाच्या दोन फाट्यांत बसणाऱ्या भागांची) टोके तपासली. ज्या शिंगात शिंगरू नव्हते त्याचेच टोक बहुधा तुटून आत राहते, हे त्यांनी बोट ठेवून दाखवले. आमच्या घोडीचेही तसेच झाले होते, म्हणून कोमट सलाईनने गर्भाशय धुऊन त्यांनी प्रतिजैविक व दाहशामक सुरू केले आणि खुरे गरम लागतात का, हे रोज पाहण्यास बजावले.

शुल्क वाजवी होते. औषधांची चिठ्ठी मात्र मराठीत मिळायला हवी, कारण डोस देणारा मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा) असतो. घोडी आता नीट चरते आहे. वेत जवळ आलेल्यांनी त्यांचा क्रमांक आधीच घेऊन ठेवावा.