मायक्रोसॉफ्ट डिफेंडर काही महिने वापरल्यावर: स्कॅनची वेळ, प्रोसेसरवरचा ताण आणि तो 'रीस्टार्ट'

विंडोज ११ असलेला ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि एक जुना हार्ड डिस्कवाला डेस्कटॉप, दोन्हींवर अँटिव्हायरस म्हणून फक्त विंडोजसोबतच येणारा डिफेंडर. रोजच्या वापरात तो जाणवतही नाही. लोक अडतात ते दोन ठिकाणी: स्कॅन नको त्या वेळी सुरू होतं, आणि काही सापडल्यावर रीस्टार्ट मागितला की तो नीट केला जात नाही.

आधी स्कॅन. रिअल-टाइम संरक्षण (फाइल उघडतानाच होणारी तपासणी) चालू असेल तर रोजचं क्विक स्कॅन पुरतं. व्हायरस सहसा जिथे ठाण मांडतात त्या जागा, म्हणजे मेमरी, स्टार्टअप, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा), ते बघतं. फुल स्कॅन पहिल्यांदा एकदा आणि नंतर काही सापडलं तर करावं. दर आठवड्याला हार्ड डिस्कवर तासन्‌तास फुल स्कॅन लावण्यात मला अर्थ दिसत नाही. पेन ड्राइव्ह मात्र फुल स्कॅनमध्ये आपोआप येत नाही. तो लावून त्यावर राइट क्लिक करायचं आणि वेगळा स्कॅन करायचा.

वेळ बदलायची सोय विंडोज सिक्युरिटी ॲपमध्ये नाही. त्यासाठी टास्क शेड्युलर (ठरलेल्या वेळी कामं चालवणारं विंडोजचं साधन) उघडा, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोज डिफेंडर या क्रमाने आत जा आणि 'विंडोज डिफेंडर शेड्युल्ड स्कॅन'च्या ट्रिगर्समध्ये आपली वेळ घाला. रात्री २ची वेळ मशीन रात्रभर चालू ठेवणाऱ्यांसाठी ठीक. संध्याकाळी बंद होणाऱ्या ऑफिसात जेवणाची सुट्टी बरी. सेटिंग्ज टॅबमध्ये चुकलेलं काम शक्य तितक्या लवकर चालवायची खूण करा. कंडिशन्समध्ये 'फक्त एसी पॉवरवर' ही खूण असेल तर बॅटरीवरच्या लॅपटॉपवर स्कॅन सुरूच होत नाही.

स्कॅनने प्रोसेसर किती वापरायचा ही मर्यादा पॉवरशेलमधून, म्हणजे विंडोजच्या कमांड लिहायच्या खिडकीतून, बदलते (ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचं). सेट-एमपीप्रेफरन्स या कमांडमधलं स्कॅनएव्हजीसीपीयूलोडफॅक्टर हे ते मूल्य. मुळात ते ५० टक्के असतं, ५ ते १०० मधलं काहीही देता येतं. पण हा सरासरीचा अंदाज आहे, कडक मर्यादा नाही, आणि मूळ सेटिंगमध्ये तो शेड्युल केलेल्या स्कॅनलाच लागू होतो. हाताने सुरू केलेला स्कॅन त्याला जुमानत नाही. लॅपटॉपवर २० ठेवल्याने फरक पडतो. जुन्या डेस्कटॉपवर जवळजवळ नाही, कारण तिथे दम प्रोसेसरचा नाही, डिस्कचा लागतो.

एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे स्कॅनमधून वगळायच्या यादीत, अख्खा डी ड्राइव्ह किंवा डाउनलोड्स घालणं हा निव्वळ आळस. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा फोल्डर तेवढा घाला.

आता रीस्टार्ट. वापरात असलेली फाइल विंडोज सहसा पुसू देत नाही. चालू प्रोग्रॅममध्ये लोड झालेली डीएलएल (प्रोग्रॅम वापरतो ती जोडफाइल) असेल तर डिफेंडर ती पुढच्या बूटला काढायची नोंद करून ठेवतो. इथेच गोची होते: फास्ट स्टार्टअप (मशीन लवकर चालू व्हावं म्हणूनची विंडोजची सोय) चालू असताना 'शट डाऊन' केलं की विंडोजचा गाभा हायबरनेट होतो, पूर्ण बंद होत नाही. सकाळी मशीन चालू केल्यावर तोच जुना गाभा जागा होतो आणि पुसायचं काम तसंच राहतं. म्हणून मेनूतून 'रीस्टार्ट'च निवडायचं. शट डाऊनच हवं असेल तर शिफ्ट दाबून करा.

काम झालं का, हे अंदाजावर सोडू नका. पॉवरशेलमध्ये गेट-एमपीकॉम्प्युटरस्टेटस चालवा आणि 'रीबूटरिक्वायर्ड'पुढे 'फॉल्स' आहे का बघा. त्याच यादीतल्या कॉम्प्युटरस्टेटपुढे ० म्हणजे सगळं स्वच्छ, १ म्हणजे फुल स्कॅन बाकी, २ म्हणजे रीस्टार्ट बाकी, ८ म्हणजे ऑफलाइन स्कॅन (विंडोज सुरू होण्याआधी चालणारा) बाकी. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत, डिफेंडरच्या लॉगमध्ये, क्रमांक १११६ म्हणजे सापडलं, १११७ म्हणजे कारवाई झाली. १११८ किंवा १११९ दिसलं तर कारवाई फसली आहे.

रीस्टार्टनंतर तेच नाव पुन्हा आलं तर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करून उपयोग नाही. आपल्याकडे याचा नेहमीचा नमुना म्हणजे हॅकटूल ऑटोकेएमएस, फुकटात विंडोज किंवा ऑफिस ॲक्टिव्हेट करणारं. फाइल काढली तरी टास्क शेड्युलरमधलं त्याचं काम ती परत आणू शकतं, आधी ते काम काढायचं. नावाच्या शेवटी 'एमएल' असेल, उदाहरणार्थ वाकाटॅक या व्हायरसच्या नावाच्या काही प्रकारांत, तर ओळख मशीन लर्निंगवरून झाली आहे आणि ती चुकूही शकते. पण म्हणून लगेच 'अलाउ' दाबू नका. फाइल कुठून आली ते पाथवरून बघा, तोवर ती क्वारंटाइनमध्येच (डिफेंडरने बाजूला कोंडून ठेवलेली) राहू द्या.

तरीही हटत नसेल तर ऑफलाइन स्कॅन. काम सेव्ह करा, चार्जर लावा. मशीन स्वतःच रीस्टार्ट होतं आणि साधारण १५ मिनिटं लागतात. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवा, मध्येच मागितली जाऊ शकते. आणि स्कॅन न होताच डेस्कटॉप परत आला तर रीएजंटसी स्लॅश इन्फो ही कमांड चालवून बघा: बहुतेक वेळा विंडोजचं रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट, म्हणजे दुरुस्तीसाठीची वेगळी छोटी विंडोज, बंद असतं. स्लॅश एनेबलने ते सुरू करून स्कॅन पुन्हा लावायचा.