पट्ट्यांचा कॉलेज मफलर नाशकात शिवून घेताना: शिलाई उत्तम, कापड मात्र तपासूनच द्या

कॉलेज रोड परिसरातल्या एका शिलाई दुकानात ब्रिटिश कॉलेजांच्या धर्तीचे लोकरी मफलर ऑर्डरप्रमाणे शिवून मिळतात. हात सफाईदार आहे. कमी पडतं ते कापड निवडताना.

ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये प्रत्येक कॉलेजचे रंग आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो, त्यावरूनच कोण कुठलं ते कळतं. वेगवेगळ्या रंगांच्या लोकरी फ्लॅनेलच्या उभ्या पट्ट्या कापून लांबीभर जोडायच्या, ही जुनी रीत. त्यामुळे दुकानदार सॅटिनवर बोधचिन्ह छापून देतो म्हणाला तरी घेऊ नका. रंगांचा क्रम पक्का करा, तेवढं पुरतं.

तयार माप 180 बाय 24 सेंटिमीटर. 8 सेंटिमीटरच्या तीन पट्ट्या पुढे, तीन मागे. दोन्ही कडांना शिवणीसाठी 1 सेंटिमीटर माया (जादा कापड) धरून प्रत्येक पट्टी 10 सेंटिमीटरची, उभ्या धाग्यातच कापायची. सहा पट्ट्या जोडून नळी होते; ती उलटवली की सगळ्या शिवणी आत जातात. सगळ्या टिपा एकाच टोकाकडून मारल्या तर कापड सरकतं आणि मफलरला पीळ बसतो. इथे एक टीप वरून, दुसरी खालून मारतात, मायाही उघडून दाबतात. त्यामुळे मफलर गळ्यात सरळ पडतो. हे काम खरंच कौतुकाचं.

दोष एकच, पण मोठा: इथल्या मफलरात मरून रंगाची पट्टी शुद्ध लोकरीची आणि क्रीम रंगाची मिश्र धाग्याची. पहिल्या धुण्यात मरून पट्टी जास्त आटते आणि शिवणीला चुण्या पडतात, त्या इस्त्रीनेही जात नाहीत. म्हणून कापण्याआधी प्रत्येक रंगाचा 20 सेंटिमीटरचा चौकोन ओल्या फडक्यावरून वाफ देऊन, गार झाल्यावर मोजा. दोन रंगांत 2 मिलिमीटरचा फरक निघाला, तर पूर्ण लांबीत तो जवळपास 2 सेंटिमीटर होतो. ती जोडी घेऊच नका. गडद रंगावर ओला पांढरा रुमालही घासून बघा. डाग उठला तर क्रीम पट्टी वाचणार नाही.

निफाडचा पारा उतरतो तेव्हा इकडच्या पहाटेलाही ही दुहेरी लोकर पुरते. ऑर्डर दिवाळीआधी द्या, नंतर लग्नसराईचं काम आडवं येतं. धुताना गार पाणी, सौम्य साबण; पिळायचा नाही, आडवा पसरून सावलीत वाळवायचा.