दोन फुटी टाकी की चार फुटी? सोलापूरच्या घरासाठी एक तुलनात्मक आढावा

दोन फुटी मत्स्यटाकी वर्ष-दोन वर्षे व्यवस्थित चालली, मासे वाढले आणि हात बसला, की मोठ्या टाकीचा विचार मनात येतोच. त्या वेळी दिवाणखान्यातील भिंत मोजली जाते, दुकानात काचेचा दर विचारला जातो आणि निर्णय बहुधा या दोन गोष्टींवरच होतो. माझ्या अनुभवात या दोन्ही गोष्टी सर्वांत कमी महत्त्वाच्या आहेत. सोलापुरात हा निर्णय पाण्याच्या पाळीवर, मे महिन्यातील खोलीच्या तापमानावर आणि नव्या टाकीत आणखी मासे टाकण्याचा मोह आवरतो की नाही, यावर ठरवावा लागतो.

तुलनेसाठी दोन नेहमीची मापे घेऊ. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी टाकी दोन घनफुटांची, म्हणजे सुमारे ५६ लिटरची असते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली, तर तिच्यात प्रत्यक्षात ५० लिटरच्या आसपास पाणी राहते. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी नऊ घनफुटांची, म्हणजे सुमारे २५५ लिटरची होते आणि तिच्यात सव्वादोनशे लिटर पाणी मावते. लांबी दुप्पट झाली, तरी पाणी साडेचारपट झाले आहे. पुढचा सगळा हिशेब या साडेचारपटीतून निघतो.

माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधील जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. यांपैकी नायट्रेट त्या मानाने सौम्य असले, तरी ते साचत जाते आणि मुख्यतः पाणी बदलूनच कमी होते. आता असे समजा, की लहान टाकीतील तेवढेच मासे तेवढ्याच खाद्यावर मोठ्या टाकीत ठेवले. रोज तयार होणारी घाण तेवढीच राहते, पण ती साडेचारपट पाण्यात पसरते. लहान टाकीत जी पातळी एका आठवड्यात गाठली जाते, ती गाठायला इथे महिना लागतो. एखाद्या दिवशी घरातील लहान मुलाने मूठभर खाद्य टाकले किंवा एखादा मासा दगडामागे मरून दोन दिवस दिसलाच नाही, तर लहान टाकीत ती आणीबाणी असते आणि मोठ्या टाकीत फक्त पाणी बदलण्याचे निमित्त. मोठ्या टाकीचा खरा फायदा हा आहे. मात्र मोकळे पाणी पाहून चारच्या ऐवजी अठरा मासे सोडले, तर हा सगळा फायदा त्याच दिवशी खर्ची पडतो आणि हाती उरते ती साडेचारपट मोठी, पण तितकीच गर्दीची टाकी. मोठी टाकी घेऊन पस्तावलेल्या बहुतेकांची गोष्ट मी अशीच पाहिली आहे.

सोलापुरात हा मुद्दा अधिक टोकदार होतो, कारण इथे नळाला पाणी रोज सुटत नाही आणि अनेक भागांत चार-पाच दिवसांची पाळी लोकांच्या अंगवळणी पडली आहे. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे, असा सर्वसाधारण नियम सांगितला जातो. दोन फुटी टाकीत तो एका बादलीत भागतो आणि ती बादली घरात कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. चार फुटी गर्दीच्या टाकीत त्याच नियमाने ५५ लिटर, म्हणजे भरलेल्या चार बादल्या लागतात. उन्हाळ्यात पिंप तळाला गेलेले असताना माशांसाठी चार बादल्या बाजूला काढणे हा घरातील वादाचा विषय होतो आणि त्या वादात मासे पाळणाऱ्याची बाजू लंगडी असते. उलट मासे मोजकेच ठेवले, तर हेच काम तीन आठवड्यांनी केले तरी चालते आणि ज्या दिवशी उजनी धरणाचे ताजे पाणी नळाला येते, त्या दिवसाशी त्याचा मेळ घालता येतो. लहान टाकी ही सवड देत नाही, कारण तिचे पाणी आठवडा संपताच बिघडू लागते.

हे पाणी क्लोरिन घातलेले असल्याने ते थेट ओतू नये. उघड्या भांड्यात एक दिवस ठेवावे किंवा दुकानात मिळणारे क्लोरिन काढणारे औषध मापाने घालावे. बोअरच्या पाण्यात क्लोरिन नसते, पण आपल्याकडे ते बहुधा जड असते, आणि टँकरचे पाणी दर वेळी वेगळ्या ठिकाणचे असू शकते. माशांना जडपणापेक्षा अचानक झालेला बदल अधिक सोसत नाही. म्हणून मोठी टाकी घेण्यापूर्वी ती वर्षभर कोणत्या एका पाण्यावर चालवायची, हे ठरवून ठेवावे.

उन्हाळ्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण याबाबत एक गैरसमज आढळतो. मोठी टाकी उन्हाळ्यात थंड राहते, असे सांगितले जाते आणि ते अर्धेच खरे आहे. मोठ्या पाण्याला तापायला आणि निवायला वेळ लागतो. त्यामुळे मार्च महिन्यात दुपार आणि पहाट यांच्यातील चढउतार लहान टाकीत स्पष्ट जाणवतो, तर मोठ्या टाकीत तो कमी होतो. परंतु मे महिन्यात बाहेर पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि भिंती रात्रीही निवत नाहीत. असे आठ-दहा दिवस सलग गेले, तर मोठी टाकीसुद्धा हळूहळू खोलीच्या सरासरी तापमानाला येऊन पोचते. २५ अंशांच्या पाण्यात एका लिटरमध्ये सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो आणि ३२ अंशांना तो ७.३ मिलिग्रॅमवर येतो, तर माशांची ऑक्सिजनची गरज मात्र उष्णतेबरोबर वाढते. शिवाय पाणी जितके गरम आणि जितके अल्कधर्मी, तितका त्यातील अमोनियाचा विषारी भाग मोठा असतो. २५ अंशांना पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी, हे सांगणारा आकडा) ७ असताना तो एक टक्क्याहूनही कमी असतो, तर पीएच ८ असताना पाच टक्क्यांच्या वर जातो. आपले जड पाणी बहुधा दुसऱ्या टोकाकडे झुकते, म्हणून पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींना चालणारी माशांची गर्दी सोलापुरात चालेलच असे नाही.

यावर आपल्याकडे एक उपाय स्वस्तात उपलब्ध आहे, तो म्हणजे कोरडी हवा. झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला, की पाणी उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाणी उडाले, तर उरलेल्या सव्वादोनशे लिटर पाण्यातून साधारण अडीच अंशांइतकी उष्णता निघते. अर्थात खोली ती परत देत राहते, त्यामुळे पंखा चालूच ठेवावा लागतो. कूलरचे तत्त्व हेच आहे आणि दमट किनारपट्टीपेक्षा ते इथे अधिक कामाला येते. यात दक्षता एकच घ्यायची. पाणी उडते, पण क्षार मागे राहतात, आणि त्यावर पुन्हा बोअरचे पाणी भरत गेल्यास महिन्याभरात टाकीतील पाणी मूळ पाण्यापेक्षा पुष्कळच जड होते. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या शुद्ध पाण्याने करावी. काटकसरी घरांत आरओ यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी फरशी पुसायला साठवून ठेवलेले असते. ते मात्र इथे मुळीच वापरू नये, कारण त्यात क्षार आणखी जास्त असतात.

वीज जाण्याच्या बाबतीत मोठी टाकी पुढे आहे. एका मे महिन्यात मध्यरात्रीनंतर गेलेली वीज सकाळपर्यंत आली नाही आणि माझ्या दोन फुटी टाकीतील चार गोल्डफिश पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागले होते. त्यांपैकी दोन वाचले. चार मोठे गोल्डफिश तेवढ्या पाण्यात ठेवणे ही माझीच चूक होती. हेच मासे चार फुटी टाकीत असते, तर त्यांना काही तास अधिक मिळाले असते. मात्र मोठ्या टाकीला बहुधा बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर लावतात आणि त्यात पाण्याचा प्रवाह थांबला, की आतले जिवाणू काही तासांत गुदमरू लागतात. त्यामुळे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणि एक साधा स्पंज फिल्टर जोडीला असावाच. वीजबिलाचा बाऊ करण्याचे कारण नाही. वीस वॅटचा पंप चोवीस तास चालला, तर महिन्याला साडेचौदा युनिटच्या आत राहतो. हिवाळ्यात मोजके दिवस चालणारा दोनशे वॅटचा हीटर थोडा भार टाकतो, तेवढेच.

वजनाचा प्रश्न मात्र सहज सोडून देण्यासारखा नाही. पाणी सव्वादोनशे किलो, दहा मिलिमीटरच्या काचा पन्नास किलो, वर वाळू, दगड आणि लोखंडी स्टँड धरला, तर चार फुटी टाकी साडेतीनशे किलोंच्या घरात जाते आणि हा भार अवघ्या सहा चौरस फुटांवर उभा राहतो. चौरस मीटरच्या हिशेबाने तो सहाशे किलोंच्या वर होतो, तर राहत्या खोलीचा स्लॅब भारतीय मानकांनुसार चौरस मीटरला साधारण दोनशे किलोंचा वापरभार गृहीत धरून आखलेला असतो. हा आकडा संपूर्ण खोलीसाठी असल्याने एका कोपऱ्यातील जादा भाराने लगेच धोका होतो असे नाही. तरीही जुळे सोलापूर किंवा विजापूर रस्त्यावरील सदनिकेत टाकी तुळईवर किंवा भिंतीलगत ठेवावी, खोलीच्या मधोमध कधीही ठेवू नये. जुन्या पेठांतील लाकडी सऱ्यांच्या मजल्यावर आणि माळवदाच्या घराच्या वरच्या खोलीत चार फुटी टाकीचा विचारच करू नये.

तळमजल्याची शहाबादी फरशी भक्कम वाटते, पण आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे फरशीचा एखादा कोपरा खचलेला असू शकतो. दोन फुटी टाकीला थोडा उतार चालून जातो. चार फुटी टाकीत तोच उतार सिलिकॉनच्या सांध्यावर वर्षानुवर्षे ताण देतो. गवंडी पाण्याची पारदर्शक नळी धरून पातळी पाहतो, तशी ती चारही पायांशी पाहावी आणि स्टँड व काच यांच्यामध्ये थर्माकोलचा सलग पत्रा घालावा. उंचीबाबत माझे मत ठाम आहे. काचेवरील दाब मुख्यत्वे पाण्याच्या उंचीने वाढतो आणि ऑक्सिजन पृष्ठभागातून येतो. म्हणून त्याच पैशांत दोन फूट उंच टाकी मिळत असली, तरी दीड फूट उंच आणि अधिक रुंद टाकी घ्यावी. तिच्या तळापर्यंत हातही पोचतो.

आता माशांकडे वळू. गप्पी आणि मोली पाळणाऱ्याला चार फुटी टाकीची गरज नाही. हे मासे जड पाण्यात आनंदाने राहतात आणि दोन फुटी टाकी त्यांना पुरते, फक्त पिल्लांची संख्या आवरावी लागते. गोल्डफिश, ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न यांची गोष्ट वेगळी आहे. दुकानात ते बोटाएवढे असतात, पण ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न फूटभर वाढू शकतात. हे मासे घरात आधीच असतील, तर टाकी मोठी करणे ही हौस राहत नाही, ती थकलेली बाकी फेडणे असते. वास्तूच्या नावाखाली आणलेला अरोवाना तर चार फुटांतही मावत नाही, कारण तो तीन फुटांपर्यंत वाढतो. काच साफ करण्यासाठी घेतलेला सकर मासाही दीड फुटाच्या आसपास जातो. असे वाढलेले मासे सिद्धेश्वर तलावात किंवा कंबर तलावात सोडून मोकळे होण्याची पद्धत बंद व्हायला हवी. उजनीच्या जलाशयात हा परदेशी सकर मासा मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला आहे आणि तो तिथे पोचण्यात घरच्या टाक्यांचा वाटा असणे सहज शक्य आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याला एक पर्याय सुचवतो. आफ्रिकेतील मलावी सरोवराचे सिक्लिड मासे अल्कधर्मी पाण्यातच मूळचे वाढतात आणि जड पाणीही सोसतात, त्यामुळे सोलापूरच्या पाण्याशी त्यांचे जमते. ते भांडखोर असल्याने त्यांना चार फुटांची लांबी लागते आणि इथे मोठी टाकी सार्थकी लागते. मृदू पाण्यातील डिस्कस माशाचा हट्ट धरला, तर प्रत्येक बादलीसाठी आरओ यंत्र चालवावे लागेल.

चार फुटांवर मन भरत नाही आणि पाच बाय दोन बाय दोनचा विचार आहे, अशांसाठी दोनच आकडे देतो. त्या टाकीचे वजन पाऊण टनाच्या आसपास जाते आणि चौथा हिस्सा पाणी बदलायचे म्हटले, तर सव्वाशे लिटर लागते. शहरात एका माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे, असे सरकारी प्रमाण आहे. तळमजला, स्वतःची बोअर आणि त्या पाण्यावर जगणारे मासे या तिन्ही गोष्टी असतील, तरच ती घ्यावी.

चार फुटी टाकी घ्यायचे ठरलेच, तर ती एप्रिल-मे महिन्यांत हलवू नये. पावसाळा स्थिरावल्यावर किंवा दिवाळीनंतर हे काम करावे. नवी टाकी आधी दोन दिवस भरून गळती पाहावी. जुन्या फिल्टरचा स्पंज न धुता नव्यात घालावा, म्हणजे नव्या जिवाणूंसाठी लागणारे चार ते सहा आठवडे बरेच कमी होतात. जुनी टाकी विकू नये. नवीन आणलेले किंवा आजारी मासे वेगळे ठेवायला ती लागतेच.

काचेची मागणी नोंदवण्यापूर्वी एक तालीम मात्र जरूर करावी. पुढच्या पाळीपासून दोन महिने, शक्यतो त्यांतला एक उन्हाळ्याचा धरून, दर आठवड्याला चार बादल्या पाणी वेगळ्या पिंपात काढून ठेवावे. आठवडाभर त्याला घरात कोणी हात लावू नये आणि आठवडा संपला, की ते कुंड्यांना घालावे. दोन महिन्यांनंतरही ते पिंप आपल्या जागी भरलेले सापडत असेल, तर दुकानात जाऊन काचेचे माप द्यावे.