फ्रीसिव्ह : राज्यपद्धती बदलण्याआधी नगराची खिडकी उघडा

"तुला हिशेबाचं वेड आहे ना, मग हे खेळून बघ," असं म्हणून दादाने सहा वर्षांपूर्वी माझ्या संगणकावर फ्रीसिव्ह टाकून दिला. माझं दिवसभराचं काम ताळेबंदाचं. संध्याकाळी पुन्हा आकडे कशाला, असं मनात आलं होतं. पण पहिल्याच आठवड्यात नगराची खिडकी उघडली आणि त्यातले आकडे मला बोलायला लागले. तेव्हापासून बरेच डाव खेळले. त्यातला राज्यपद्धती आणि नगरव्यवस्था हा भाग मला फार जवळचा वाटतो, म्हणून त्याबद्दलच सविस्तर लिहिते आहे. लढाया, जहाजं, अंतराळयान यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

ज्यांनी नावच ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: नकाशावर नगरं वसवून पाळीपाळीने (एकेका 'टर्न'ने) आपलं राज्य वाढवण्याचा हा संगणकावरचा खेळ. डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठात संगणकशास्त्र शिकणाऱ्या तीन विद्यार्थ्यांनी १९९५ च्या नोव्हेंबरात हा खेळ लिहायला घेतला आणि १९९६ च्या जानेवारीत पहिली आवृत्ती बाहेर आली. मूळ प्रेरणा १९९१ च्या सिव्हिलायझेशन या खेळाची. तेव्हापासून जगभरचे लोक आपल्या वेळातून तो वाढवत आले आहेत. पूर्ण मोफत आहे, सोर्स कोड खुला आहे, आणि नियम साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेले आहेत. मी 'क्लासिक' नियमांवर खेळते, त्यामुळे खालचे सगळे आकडे त्या नियमांतले समजा. दुसरा नियमसंच घेतलात तर काही आकडे बदलतील.

सुरुवात हुकूमशाहीने होते. बहुतेक नवे खेळाडू इथे एक चूक करतात, ती मीही बरेच दिवस केली. सेटलर (नगरं वसवणारी आणि जमीन सुधारणारी तुकडी) मोकळा दिसला की लगेच नकाशावरच्या गवताळ चौकोनावर पाटाचं पाणी आणायचं. आता गंमत बघा. गवताळ चौकोन मुळात २ अन्न देतो, पाण्याने ते ३ होतं. पण हुकूमशाहीत ज्या चौकोनाचं उत्पन्न २ च्या वर जातं त्यातून १ कापला जातो. म्हणजे पाच-सहा टर्न राबून हाती पुन्हा २ च. त्यापेक्षा त्याच सेटलरला रस्ते करायला लावा, चौकोनाला १ व्यापार मिळतो आणि तो कापला जात नाही. हे खेळ कुठे ओरडून सांगत नाही. चौकोनावरचे आकडे वाचले तर कळतं. मला हे ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून मी राज्यपद्धतीकडे नुसतं वर लावलेलं नाव म्हणून बघायचं सोडलं. ती प्रत्येक चौकोनाच्या बेरजेत बसलेली असते.

नगराची खिडकी म्हणजे काय तर मधे नगर आणि भोवती चौकोन, मधला धरून २१. त्यातल्या ज्यावर माणूस कामाला आहे तिथे अन्न, शील्ड (इमारती आणि सैन्य उभारायला लागणारं उत्पादन) आणि व्यापार असे तीन आकडे दिसतात. माणसाला चौकोनावरून उचललं की तो करमणूक करणारा कलावंत होतो, त्यालाच क्लिक करत गेलं की करवसुली करणारा किंवा शास्त्रज्ञ होतो. त्यासाठी नगर थोडं मोठं असावं लागतं. प्रत्येक माणूस टर्नला २ अन्न खातो. छोट्या राज्यात नगरातली पहिली चार माणसं आपोआप समाधानी असतात, पाचव्यापासून पुढचा प्रत्येक जन्मतः नाराज. नाराज लोक खूश लोकांपेक्षा जास्त झाले की दंगल, आणि दंगलीत त्या नगराचा कर आणि विज्ञान दोन्ही थांबतं. सगळा खेळ या एका तराजूवर चालतो.

आता माझ्या मागच्या डावातलं एक नगर दाखवते. समुद्रकाठचं, आठ माणसांचं. चार जण समुद्रावर, चार जण रस्ता आणि पाणी दोन्ही असलेल्या गवताळ चौकोनांवर. राज्य राजेशाही. समुद्राचा चौकोन २ व्यापार देतो म्हणून ८, रस्त्यांचे ४, एकूण १२. (नगराचा स्वतःचा चौकोन आणि भ्रष्टाचाराची वजावट बाजूला ठेवली आहे.) आठातले चार नाराज. त्यांना गप्प ठेवायला राजेशाहीत सैनिक कामी येतात: नगरात बसवलेला एकेक सैनिक एकेका नाराजाला समाधानी करतो, तीनपर्यंत. मी तीन भालेवाले बसवले होते आणि चौथ्यासाठी मंदिर. नगर शांत.

प्रजासत्ताकात ज्या चौकोनावर आधीच १ तरी व्यापार आहे त्याला आणखी १ मिळतो. माझ्या नगराचा समुद्र ३ चा झाला, रस्ते २ चे झाले. १२ चे थेट २०! नवी इमारत नाही, नवा माणूस नाही. पण त्याच क्षणी ते तीन भालेवाले निरुपयोगी होतात, कारण प्रजासत्ताकात बंदुकीच्या धाकाने समाधान मिळत नाही. मंदिर एकाला सांभाळतं, तीन नाराज उरतात, खूश एकही नाही. दंगल ठरलेली.

माझ्या मते या खेळाचं खरं सौंदर्य इथे आहे. क्रांतीचं बटण दाबणं सोपं आहे, तयारी मात्र वीस-पंचवीस टर्न आधी नगरात करावी लागते. मी काय केलं ते सांगते. नगराचा व्यापार कर, चैन आणि विज्ञान यांत आपण ठरवू त्या टक्क्यांनी वाटला जातो. क्रांतीपूर्वीच त्या नगरात बाजारपेठ बांधली, ती कर आणि चैन दोन्ही दीडपट करते. राज्य बदललं तसा चैनीचा दर ३० टक्के केला. २० व्यापारातले ६ चैनीत गेले, बाजारपेठेने त्याचे ९ झाले. दर २ चैनीला एक माणूस खूश होतो, म्हणजे चार खूश. मंदिरानंतर उरलेले नाराज तीन. चाराला तीन, नगर शांत. आणि एवढं चैनीला देऊनही उरलेला व्यापार १४, म्हणजे राजेशाहीतल्या एकूण व्यापारापेक्षा जास्त. हा आकडा बघून मी त्या रात्री दादाला फोन केला होता. तो म्हणाला, "आता कळलं का मी तुला हा खेळ का दिला?"

दर ठरवताना राज्यपद्धतीची मर्यादा लक्षात ठेवा. कर, चैन, विज्ञान यांपैकी कुठलाही एक दर हुकूमशाहीत ६० टक्क्यांवर जात नाही, राजेशाहीत ७०, प्रजासत्ताकात आणि साम्यवादात ८०, लोकशाहीत ९०. दोन पद्धतींच्या मधे अराजकाचे काही टर्न जातात, त्यात विज्ञान ठप्प. माझे या डावात तीन टर्न गेले. तेवढ्यासाठी तिजोरीत आधी पैसा साठवा, नाहीतर इमारतींचा खर्च भागत नाही. स्टॅच्यू ऑफ लिबर्टी हे आश्चर्य (जगात एकदाच बांधता येणारी खास वास्तू) बांधलं असेल तर अराजकातून जावं लागत नाही, पण ते फार उशिरा मिळतं.

लोकशाहीबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण ती मला सर्वांत आवडते आणि तिनेच मला सर्वांत मोठा धक्का दिला. बँकिंग आणि इन्व्हेन्शन या विद्या संशोधनातून शिकल्या की ती मिळते. भ्रष्टाचार शून्य, व्यापाराचा वाढीव १ इथेही, आणि तुमचं नगर पैसे देऊन कोणी फोडू शकत नाही. राजधानीपासून लांबच्या नगरांना याचा केवढा आधार वाटतो! पण बाहेर लढायला गेलेल्या प्रत्येक तुकडीमागे तिच्या मूळ नगरात दोन माणसं नाराज होतात, प्रजासत्ताकात हाच आकडा एक आहे. आणि एखादं नगर दोन टर्नांपेक्षा जास्त दंगलीत राहिलं तर सगळं सरकार कोसळून अराजक येतं.

माझ्या चार तोफा शेजाऱ्याच्या किल्ल्यासमोर उभ्या होत्या आणि चारही एकाच नगराच्या नावावर. चार दुणे आठ नाराज, दहा माणसांच्या नगरात. मी लढाईच्या नकाशावर गुंतले होते, 'नगरात अशांतता' हा संदेश दोनदा येऊन गेला आणि मी तो पुढे सारला. त्यानंतर सरकार पडलं. चौदा नगरांचं विज्ञान एका नगरामुळे थांबलं. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं, कारण नियमात काही चूक नव्हती. तुकडी कुठल्या नगराची आहे हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

त्यावरचा उपाय मी आता प्रत्येक डावात करते. शेक्सपिअरचं नाट्यगृह हे आश्चर्य ज्या नगरात बांधाल तिथले सगळे नाराज लोक समाधानी होतात, सैन्यामुळे नाराज झालेलेसुद्धा. ते भरपूर शील्ड देणाऱ्या, टेकड्यांजवळच्या नगरात बांधायचं. मग हल्ल्याला जाणारी प्रत्येक तुकडी आधी त्या नगरात न्यायची आणि 'एच' दाबून तेच तिचं मूळ नगर करायचं. पोसायचा शील्डचा खर्च त्या एका नगरावर येतो, म्हणून टेकड्या हव्यात. बाकी राज्याला युद्धाची झळ लागत नाही.

नगरं वाढवण्याचं बघाल तर आठाच्या पुढे पाणीपुरवठ्याचा जलसेतू लागतो आणि सोळाच्या पुढे गटारं. आठ होण्याची वाट न बघता सातवर असतानाच जलसेतू कामांच्या यादीत टाकावा. प्रजासत्ताकात आणि लोकशाहीत निम्मी माणसं खूश आणि नाराज एकही नाही अशी स्थिती आली की नगर जल्लोष करतं, आणि अन्न शिल्लक असेल तर दर टर्नला एक माणूस वाढतो. सगळीकडे जलसेतू तयार ठेवून दहा टर्न चैनीचा दर चढवला की राज्याचं रूपच पालटतं. असं आधी नीट जुळवून आणलेलं पाहण्यात जो आनंद आहे तो मला लढाई जिंकण्यात मिळत नाही.

साम्यवाद मी दोनदाच वापरला. मोठं, पसरलेलं राज्य आणि लांबलेलं युद्ध असेल तर तो टिकाऊ आहे.

काही गोष्टी आधीच सांगून ठेवते. चित्रं साधी आहेत. वीस नगरं झाली की उत्तरार्धात एकेक टर्न फार वेळ खातो. तेव्हा नगराच्या खिडकीतला नागरिक-व्यवस्थापक लावा. अन्न किती उरलं पाहिजे, व्यापाराला किती वजन द्यायचं हे त्याला सांगितलं की माणसं तोच बसवतो. मी मात्र राजधानी आणि नाट्यगृहाचं नगर कायम स्वतःच्या हातात ठेवते. मदतीची पानं खेळातच आहेत. प्रत्येक राज्यपद्धतीचं पान सुरू करण्याआधी एकदा वाचा, आणि आकडे वहीत उतरवून ठेवा.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी छोटा नकाशा आणि सोपे प्रतिस्पर्धी घ्यावेत, आणि पहिल्या डावात फक्त राजेशाही ते प्रजासत्ताक एवढं एकच स्थित्यंतर नीट करावं. दादाचा आणि माझा सध्याचा डाव नेटवर्कवर चालू आहे. त्याने काल लोकशाही आणली. माझ्या तीन नगरांत अजून बाजारपेठ व्हायची आहे, त्यामुळे मी राजेशाहीतच आहे, अजून आठ टर्न.