दाजीपूरच्या 'पावसाळी जंगल ट्रेक'ला पैसे भरण्याआधी हे वाचा

दाजीपूरचं जंगल ज्यात येतं ते कोल्हापूर जिल्ह्यातलं राधानगरी अभयारण्य पावसाळ्यात पर्यटकांसाठी बंद असतं. तरीही जुलैमध्ये 'अर्ध्या दिवसाचा गाइडेड ट्रेक, सावराई सडा आणि कोकण दर्शन पॉइंट' अशी जाहिरात मोबाइलवर फिरत होती. (सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं खडकाळ पठार.) माणशी पंधराशे रुपये, गाडी, नाश्ता, जाणकार गाइड. वर 'जागतिक वारसा जंगल' असं ठळक अक्षरांत. ते खोटं नाही, 2012 मध्ये पश्चिम घाटातली जी ठिकाणं त्या यादीत गेली त्यात राधानगरी आहे. खऱ्या नावाच्या आडून खोटा माल विकला जातो, तो असा.

आम्ही दोन घरची माणसं होतो, सोबत माझे सासरे आणि दोन लहान मुलं. सगळे पैसे आधीच यूपीआयने घेतले. पहाटे कोल्हापूरच्या रंकाळ्यावरून गाडी निघाली आणि राधानगरीच्या पुढे 'गाइड' म्हणवणाऱ्या पोराने वन खात्याची फी म्हणून माणशी दोनशे रोख मागितले. पावती मागितली तर म्हणाला, "दादा, परत येताना एकदमच देतो."

दाजीपूरच्या गेटला कुलूप. तिथल्या वनरक्षकांनी सरळ सांगितलं की पाऊस संपेपर्यंत आत कुणालाच सोडत नाहीत, आणि फी घेतली तर पावती गेटवरच मिळते. म्हणजे ते दोनशे रुपये कुठल्याच खात्यात गेले नव्हते. हे ऐकून तो पोरगा म्हणाला, "गवे उतरलेत, म्हणून आज बंद केलंय." रोज बंद असलेलं गेट त्याने गव्यांच्या नावावर खपवलं!

मग गाडी फोंडा घाटात नेली. एका वळणावर थांबवून म्हणाला, हाच कोकण दर्शन पॉइंट. दाट धुकं, समोर काही दिसत नव्हतं, कठड्यापलीकडे खोल दरी आणि मागून ट्रक येत होते. माझ्या मुलीचा हात मी क्षणभरही सोडला नाही. पैशांपेक्षा मला ह्याचा राग जास्त आहे. जंगल आणि घाट माहीत असलेला माणूस लहान मुलांना तिथे उभंच करणार नाही. मुलांच्या पायाला जळवा लागल्या तेव्हा त्याच्याकडे चिमूटभर मीठसुद्धा नव्हतं.

परतावा मागितल्यावर आधी 'उद्या टाकतो', मग नंबर ब्लॉक. आम्ही 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ग्राहक म्हणून 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार करता येते.

दाजीपूरला जायचंच असेल तर पाऊस सरल्यावर जा. निघण्याआधी राधानगरीच्या वन्यजीव कार्यालयात फोन करून गेट चालू आहे का विचारा, आणि गाइड गावातला, जंगलात वाढलेला घ्या. जाहिरातीतल्या फोटोत सडा वाळलेला आणि आभाळ निळं दिसत असेल, तर तो फोटो पावसाळ्यातला नाही एवढं लगेच ओळखा.

अशा ट्रेकला तुम्हीही पैसे भरले असतील तर चॅट आणि व्यवहार क्रमांक पुसू नका. स्क्रीनशॉट काढून तक्रार करा, रक्कम छोटी वाटली तरी करा.